दहा लाखांत चालवायची मजा

प्रश्न : माझं वय २३. घर साताऱ्याला, नोकरी पुण्यात हिंजवडीला. पहिली गाडी घ्यायची आहे. हातात तीन लाख आहेत, बाकीचं कर्ज. सगळा खर्च धरून दहा लाखांच्या फार वर जायचं नाही. एसयूव्ही नको, चालवताना मजा येईल अशी छोटी गाडी हवी. पण जो तो वेगळंच सांगतो. बाबा म्हणतात, टर्बो टिकत नाही. मित्र म्हणतो, नव्या स्विफ्टमधलं एक सिलिंडर काढून टाकलंय, आता तिच्यात दम राहिला नाही, त्यापेक्षा जुनी पोलो शोध. यूट्यूबवर ऐकलं की पंचविशीच्या आतल्या मुलांना स्पोर्टी गाडीचा इन्शुरन्स गाडीच्या किमतीइतका पडतो. मग घेऊ तरी कुठली? आणि गाडी स्पोर्टी आहे की नुसती तशी दिसते, हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. तरुण असण्याची काही वेगळी किंमत मोजावी लागते का, हा पहिला. छोट्या गाडीत मजा नेमकी कुठून येते, हा दुसरा. आणि तुमच्या पैशांत त्यातली किती मजा विकत मिळते, हा तिसरा. या क्रमानं गेलं तर गाडीचं नाव आपोआप पुढे येईल.

इन्शुरन्सची भीती आधी काढून टाकू, कारण ती परदेशातून आलेली आहे. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुतेक ब्रिटनमधले असावेत. तिथे १७व्या वर्षी गाडी चालवण्याचं लायसन्स मिळतं, बहुतेक मॉडेलांना १ ते ५० यांपैकी एक विमा-गट दिलेला असतो, आणि हप्ता ठरवताना चालकाचं वय, राहण्याचा पत्ता, किती वर्षं गाडी चालवली हे सगळं विचारलं जातं. नव्या, तरुण चालकाला तिथे खरोखरच घाम फुटेल असा आकडा सांगितला जातो. त्यामुळे तिथली मुलं गाडी निवडताना आधी तिचा विमा-गट बघतात. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे.

आपल्याकडचा हिशोब निराळा. इथे विमा मुख्यतः गाडीचा असतो. त्यातला थर्ड पार्टीचा भाग कायद्यानं सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवून देतं. तो ठरतो इंजिनाच्या सीसीवर. जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७ रुपये. नवी गाडी घेताना हा भाग एकदम तीन वर्षांचा भरावा लागतो. पहिल्या दोन गटांसाठी तो अनुक्रमे ६,५२१ आणि १०,६४० रुपये होतो. यात तुमचं वय कुठेच येत नाही.

इथे एक गंमत बघा. ह्युंदाईच्या आय२० एन लाइनचं टर्बो इंजिन ९९८ सीसीचं आणि १२० अश्वशक्तीचं आहे. आताच्या स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसीचं, अश्वशक्ती ८२. म्हणजे दीडपट ताकदीची गाडी थर्ड पार्टीला कमी पैसे भरते आणि घरगुती वापराची साधी गाडी जास्त! नियम सीसी मोजतो, ताकद मोजत नाही, त्याचा हा परिणाम.

उरलेला भाग म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. तो प्रामुख्यानं गाडीच्या विमा-मूल्यावर चालतो, म्हणजे जिला सगळे आयडीव्ही म्हणतात त्या रकमेवर. महाग गाडीचा हप्ता जास्त, जुनी होत जाईल तसा कमी. वयाचा संबंध येतो तो एकाच वाटेनं, आणि तीही आडवाट आहे. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होते आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जाते. तेविशीत ही शिडी तुम्ही पहिल्या पायरीवरून चढणार. त्यामुळे बंपरला गेलेल्या चार-पाच हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नका. सूट गाडीची नसून मालकाची असते, पुढच्या गाडीवर ती नेता येते. ‘बाबांच्या नावावर घे, स्वस्त पडेल’ असंही तुम्हाला कोणी सांगेल. बाबांनी त्यांची जुनी गाडी विकली असेल आणि त्यांची सूट शिल्लक असेल, तरच त्यात अर्थ आहे. नुसतं नाव बदलल्यानं काही कमी होत नाही.

आता मजेकडे वळू. त्याआधी आपल्याकडच्या सगळ्याच छोट्या गाड्यांची इंजिनं हजार-बाराशे सीसीच्या आसपास का घुटमळतात, हे समजून घेतलं पाहिजे. त्याशिवाय बाकीचं कोडं सुटत नाही. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर कमी झाला आणि छोटी गाडी कोणती, याची व्याख्या आली. लांबी चार मीटरपर्यंत. इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. स्विफ्टचं पहिलं पेट्रोल इंजिन १३०० सीसीचं होतं, २०१० मध्ये तिच्यात १.२ लिटरचं आलं, ते या पार्श्वभूमीवर. पुढे जीएसटीतही हीच रेषा राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के कर आहे आणि न बसणाऱ्यांवर ४० टक्के. एवढी मोठी दरी असल्यावर कंपनी १४०० सीसीचं इंजिन छोट्या गाडीत कशाला घालेल?

युरोपात विकली गेलेली स्विफ्ट स्पोर्ट इथे कधीच का आली नाही, याच्या उत्तराचा मोठा भाग यातच आहे. ती चार मीटरच्या आतच होती, वजनही टनाच्या आत, पण इंजिन १.४ लिटरचं. आपल्या करखात्याच्या लेखी ती मोठी गाडी ठरली असती. हा धोका पत्करणारी एक गाडी आपल्याकडे बनलीही होती. २०१५ मध्ये आलेली फियाटची ॲबार्थ पुंतो, पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातली. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, किंमत दहा लाखांच्या किंचित आत. चालवलेली माणसं अजून तिचं नाव काढतात, पण खप झाला नाही आणि काही वर्षांत फियाटनंच इथला मुक्काम हलवला.

मग हजार-बाराशे सीसीत जोर आणायचा कसा? टर्बो लावून. धुराड्यातून बाहेर जाणाऱ्या गरम वायूनं एक छोटं चाक फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेलं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा आत गेली की जास्त पेट्रोल जाळता येतं आणि छोटं इंजिन मोठ्यासारखं ओढतं. फरक आकड्यांत बघा. स्विफ्टचा जास्तीत जास्त टॉर्क सुमारे ११२ न्यूटन मीटर, तो मिळतो ४३०० आरपीएमला. एन लाइनचा टॉर्क १७२, आणि तो १५०० आरपीएमपासूनच हाताशी असतो. चौघं बसलेत, एसी चालू आहे, खंबाटकीच्या चढावर पुढे ट्रक आहे. स्विफ्टमध्ये तुम्ही दुसरा गिअर टाकाल, इंजिन ओरडू द्याल, मग गाडी पुढे जाईल. टर्बोत तिसऱ्याच गिअरमध्ये पाय थोडा दाबला की काम होतं. याला लोक पिकअप म्हणतात आणि टर्बोचा खरा उपयोग हाच आहे.

बाबांचा आक्षेप मात्र तपासून घ्यायला हवा. घरी किंवा नात्यात कोणाकडे डिझेल स्विफ्ट, डिझायर किंवा इनोव्हा होती का? त्या सगळ्या टर्बोच होत्या आणि त्यांतल्या कित्येक लाख-लाख किलोमीटर आरामात चालल्या. टर्बो टिकतो. त्याला हयगय चालत नाही, एवढंच. ते छोटं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याचा सगळा भार तेलाच्या पातळ थरावर असतो. ऑइल उशिरा बदललं, स्वस्तातलं टाकलं, की पहिला घाव टर्बोवर बसतो. सकाळी गाडी चालू केल्यावर पहिली काही मिनिटं इंजिन ताणू नये, आणि घाट जोरात चढून आल्यावर लगेच चावी फिरवून बंद करू नये. अर्धा-एक मिनिट तसंच चालू ठेवावं. एवढं पाळलं की बाबांना तक्रारीला जागा उरणार नाही.

मित्राचा मुद्दा याहून सोपा आहे. मे २०२४ मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडर आहेत, हे खरं. त्याआधीची ९० अश्वशक्तीची होती, आताची ८२, हेही खरं. उभ्या गाडीत इंजिनाची थरथर थोडी जास्त जाणवते आणि उंच आरपीएमला आधीचं इंजिन जितकं खुशीत पळायचं तितकं हे पळत नाही. पण ज्या १.० टीएसआय पोलोचं तो कौतुक करतोय, तिलाही तीनच सिलिंडर आहेत. एन लाइनलाही तीन, टाटाच्या अल्ट्रोझ टर्बोलाही तीन. सिलिंडरांच्या संख्येवरून गाडीचा दम ठरवायचा, तर त्याला स्वतःची आवडती गाडीही यादीतून काढावी लागेल.

मग दम कशावरून ठरवायचा? एक जुनं उदाहरण देतो. जगभर ज्या गाडीपासून वेगवान हॅचबॅकचं वेड पसरलं, ती फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय १९७६ मध्ये विक्रीला आली तेव्हा तिची अश्वशक्ती होती ११०. आजची एन लाइन तिच्यापेक्षा जास्त ताकदीची आहे. तरी त्या जुन्या गाडीबद्दल माणसं अजून बोलतात, कारण तिचं वजन साधारण आठशे किलो होतं. हलकी गाडी वळणात लवकर वळते, ब्रेकवर लवकर थांबते, टायरवर कमी ताण टाकते. इंजिनाची ताकद जाणवते ती सरळ रस्त्यावर काही सेकंद. वजन मात्र प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक खड्ड्यात जाणवतं. म्हणून अश्वशक्तीचा आकडा एकटा वाचू नये, शेजारी वजनाचा ठेवावा. आताची स्विफ्ट नऊशे ते सव्वानऊशे किलोंच्या घरात आहे. आजच्या काळात हे वजन फार कमी आहे, आणि ती चपळ वाटते ती यामुळेच.

दुसरी गोष्ट गिअरची. मजेसाठी गाडी घेत असाल तर मॅन्युअलच घ्या, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त गाड्यांतला एएमटी म्हणजे साध्याच गिअरबॉक्सवर क्लच दाबणारं यंत्र. गर्दीत पायाला आराम मिळतो, पण ओव्हरटेक करताना तो क्षणभर विचार करतो आणि नेमका तोच क्षण नको असतो. ड्युअल क्लच फार झटपट गिअर बदलतो, चालवायला सुंदर. पण कोरड्या क्लचचा असेल तर गोगलगायीच्या वेगानं सरकणाऱ्या गर्दीत तो तापतो. संध्याकाळी सहाला हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या माणसानं हा विचार आधी करावा. वॉरंटी संपल्यावर त्याची दुरुस्ती पहिल्या पगारांना झेपणारी नसते. शिवाय क्लच, गिअर आणि पाय यांचा मेळ जमवणं हा मजेचा अर्धा भाग आहे, आणि तो शिकायचं वय हेच.

तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही, ती टायरची. गाडी रस्त्याला धरून असते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. ताशी ६० वरून ८० वर गेलात की वेग एक तृतीयांशानंच वाढतो, पण थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास पावणेदोनपट होते, आणि ती सगळी त्या चार तळहातांतून जाते. कंपनीतून येणारे टायर बहुतेक वेळा ॲव्हरेज आणि आयुष्य यांकडे बघून निवडलेले असतात. झिजल्यावर त्याच मापाचे, पण ओल्या रस्त्यावर पकड धरणारे चांगले टायर टाकलेत, तर साताऱ्याच्या पावसात तीस हजारांच्या साउंड सिस्टीमपेक्षा त्याचा आनंद कितीतरी मोठा असेल.

आता पैसे. शोरूमची किंमत आणि प्रत्यक्ष हातात पडणारी किंमत यांतलं अंतर पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहन कर एकरकमी लागतो, दहा लाख ओलांडले की १२ टक्के. म्हणजे नऊ लाखांच्या गाडीला ९९ हजार करातच गेले. वर विमा, नोंदणी, फास्टॅग. ‘हॅंडलिंग चार्जेस’ नावाची ओळ बिलात दिसली तर ती कशाची, हे विचारायला लाजू नका. ती भरण्याची सक्ती नाही. विमाही तिथूनच घेतला पाहिजे असं नाही. बाहेरून दोन-तीन ठिकाणचे आकडे काढून आणा, मग शोरूमशी बोला.

सात लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास बसतो. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात आणि गाडीनं लिटरला पंधरा दिले तर साधारण सात हजारांचं पेट्रोल; वीस दिले तर सव्वापाच हजारांचं. टर्बो पेट्रोल उत्साहानं चालवली तर पंधराच्या खालीही उतरते. स्विफ्ट तशीच चालवून सतरा-अठरा देते. कागदावर स्विफ्टचं ॲव्हरेज २४.८ लिहिलेलं आहे. ते प्रयोगशाळेतलं; रस्त्यावर त्याची आशा धरू नका.

हे सगळं समोर ठेवून नावं घेऊ. एन लाइन ही आज दहा लाखांच्या आसपासची सर्वांत सरळ स्पोर्टी हॅचबॅक. २०२३च्या बदलानंतर तिला सहा गिअरचा खरा मॅन्युअल मिळाला, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, सस्पेन्शन साध्या आय२०पेक्षा कडक, स्टिअरिंग जड. पण शोरूमची किंमत नवाच्या पुढे सुरू होते आणि रस्त्यावर येईपर्यंत ती तुमची रेषा ओलांडते. शिवाय २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत आय२०ला पाचपैकी ३ तारेच मिळाले होते. तेव्हा तपासलेल्या गाडीत दोन एअरबॅग होत्या, आता सहा असतात. एअरबॅग वाढल्या ही चांगलीच गोष्ट, मात्र सांगाडा किती भक्कम हा वेगळा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर एअरबॅगच्या संख्येत मिळत नाही.

टाटा अल्ट्रोझची टर्बो पेट्रोल २०२१ मध्ये आली, ११० अश्वशक्तीची. जून २०२४ मध्ये तिचीच रेसर आली, १२० अश्वशक्तीची, साडेनऊ लाखांपासून. मे २०२५ मधल्या नव्या अल्ट्रोझला मात्र टर्बो पेट्रोल दिलेलं नाही, त्यामुळे ही गाडी आता जुन्या बाजारातच शोधायची. ग्लोबल एनकॅपनं अल्ट्रोझला २०२० मध्ये ५ तारे दिले होते. इंजिन थोडं रांगडं आहे, गिअर बदलताना लोण्यासारखं वाटत नाही. पण पैशाच्या मानानं जुनी टर्बो अल्ट्रोझ हा शहाणा सौदा आहे आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

पोलोबद्दल मलाही ममता आहे. चाकणच्या कारखान्यात ती बनायची, आणि २०२२ मध्ये थांबली. तिचं दार बंद करताना येणारा आवाज आजही पंधरा लाखांच्या गाडीत सापडत नाही. पण ‘जीटी टीएसआय’ या नावाखाली दोन वेगळ्या गाड्या विकल्या गेल्या, हे घेणाऱ्याला माहीत हवं. २०१३पासूनचीला १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि सात गिअरचा ड्युअल क्लच होता. २०२०पासूनची १.० लिटर, ११० अश्वशक्ती, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर. टीएसआय मॅन्युअलमध्येही मिळायची. आज पोलो घ्यायचीच झाली तर २०२०-२२ची मॅन्युअल शोधा. आता ती मिळणार नाही म्हणून विकणारे किंमत उतरवत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. आणि एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गृहीत धरून बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील तपासून घेतलेले बरे.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा उकिडवे बसून टायरची कड बघा. तिथे चार आकडे एका लंबगोलात कोरलेले असतात. ‘२३२१’ असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यातला. मीटर बावीस हजार किलोमीटर दाखवतंय आणि चारही टायर वेगवेगळ्या सालचे आहेत, तर आधीचे गेले कुठे आणि कशानं, हे विचारा. बॉनेट उघडून दोन्ही कडेच्या पत्र्यांचे बोल्ट बघा. पाना लागलेल्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असतो. दाराच्या चौकटीचं रबर हलक्या हातानं ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात; गॅरेजमधलं काम लगेच ओळखू येतं. मग सकाळी, इंजिन गार असताना, गाडी स्वतः चालू करून बघा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. टर्बो गाडीत निळसर धूर किंवा चढावर किंचाळणारी शिट्टी आली, तर नमस्कार करून निघा. ऑनलाइन चलनं बाकी नाहीत ना, आरसीवर कर्जाची नोंद आहे का, हे पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करून घ्यायचा. हे राहून गेलं तर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करते. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसेल, पण इथे नोंदवताना एनओसी आणि महाराष्ट्राचा कर लागतो. ते धरल्यावर स्वस्ताई उरत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर नवी स्विफ्ट मॅन्युअल घेतली असती, मधल्या व्हेरिअंटची. सहा एअरबॅग आणि ईएसपी तिच्या सगळ्या व्हेरिअंटना आहेत. घसरत्या वळणावर ईएसपी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरतो, आणि नव्या चालकाला याहून मोलाची वस्तू गाडीत दुसरी नाही. हप्ता आटोक्यात राहतो, चांगल्या टायरना पैसे उरतात. आणि ८२ अश्वशक्तीची गाडी तिच्या पूर्ण ताकदीनं चालवता येते. एक्स्प्रेसवेवर वेगमर्यादा ताशी १०० आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि कॅमेरे लागलेले आहेत. १२० अश्वशक्ती तिथे बहुतेक वेळ झोपलेलीच असणार. छोट्या इंजिनात मात्र योग्य गिअर कोणता, वेग कुठे टिकवायचा, ओव्हरटेक कधी सोडून द्यायचं, हे रोज शिकावं लागतं. तुमच्याकडे दोन लाख जास्त असते आणि रोजचा रस्ता मोकळा असता, तर मी एन लाइन म्हटलं असतं.

एक सावधगिरी. स्विफ्ट जुनी घ्यायचं मनात आलं, तर २०१८ ते २०२४च्या दरम्यानच्या गाडीला ग्लोबल एनकॅपच्या २०२२च्या चाचणीत फक्त १ तारा मिळाला होता. ते इंजिन जास्त गोड आहे याची मला कल्पना आहे. तरी पहिल्या गाडीसाठी तिची शिफारस मी करणार नाही.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले हायवेवर सरळ नेऊन आणतात. तुम्ही साताऱ्यातले आहात, तर यवतेश्वरच्या घाटातून कासच्या वाटेनं वर नेण्याचा आग्रह धरा, मागे दोन मित्र बसवून, एसी चालू ठेवून. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये किती वेळा हात जातो ते बघा. वळणात सीट अंग धरून ठेवते की तुम्ही स्टिअरिंगला लटकता, क्लच किती उंचावर सुटतो, तुमचा गुडघा कुठे घासतो, हे कुठल्याही व्हिडिओत कळत नाही. येताना इंजिन ब्रेकिंगवर उतरा आणि मागच्या मित्रांना विचारा, पोटात ढवळलं का. ढवळलं असेल तर सस्पेन्शनपेक्षा तुमच्या ब्रेकच्या पायाकडे आधी लक्ष द्यायला हवं.

शेवटी, पत्रात नसलेला पण पुढच्या सहा महिन्यांत येणारच असा प्रश्न : सायलेन्सर बदलू का, इंजिनाचं रीमॅप करू का? कंपनीनं बनवलेल्या गाडीच्या मूळ नोंदींत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. रीमॅपनं वॉरंटी जाते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी बाहेर येतो. ज्याला काही करायचंच आहे, त्यानं ब्रेकचे चांगले पॅड घालावेत, व्हील अलाइनमेंट वेळेवर करावं, हवेचा दाब दर पंधरा दिवसांनी टायर गार असताना तपासावा. दाराच्या चौकटीवर त्याचा आकडा चिकटवलेला असतो. बहुतेक पंपांवर ‘तीस-बत्तीस टाकू का’ असं विचारलं जातं. तुम्ही आकडा बघून सांगा.